पावसाळ्यात प्लँक्टन मरतात का? आधी तिथी बघा

प्रश्न आमच्या शेजारच्या मुलीचा आहे, बडोद्यातच एमएस्सी झूलॉजी करते. खंभातच्या आखातातल्या एका जेटीवरून वर्षभर दर महिन्याला प्लँक्टनचं (पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, बहुतेक सूक्ष्म जीवांचं) जाळं टाकलं तिने, आणि आता विचारतेय की "मावशी, ऑक्टोबरच्या बाटलीत कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक प्राणी) नुसते खचाखच आणि जुलैच्या बाटलीत चिखल सोडून जवळजवळ काही नाही. सर म्हणाले पावसाच्या गोड्या पाण्याने मरतात, तसंच लिही. लिहू का?"

नको लिहू. म्हणजे अगदी खोटं आहे असं नाही, थोडे मरतात, पण तुझ्या बाटल्यांवरून ते सिद्ध होत नाही. मी आयुष्यभर हेच केलंय, मुंबई बंदर, कच्छचं आखात, मधल्या कितीतरी खाड्या, हजारो बाटल्या मायक्रोस्कोपखाली मोजल्यात, मान कायमची वाकडी झालीय, त्यामुळे जरा लांबलचक सांगते, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, तू जेटीवर उभी राहून जे पाणी बघतेस ते जेटीचं पाणी नसतंच. तू बीएस्सीला वढवाणा तलावाचं प्लँक्टन केलं होतंस ना, ती सवय इथे घात करते. तलावातलं पाणी आज आहे तेच उद्या असतं. आखातात भरतीचा प्रवाह सरासरी सेकंदाला एक मीटर धरला, जो खंभातसाठी काही फार नाही, तरी सहा तासांत पाणी वीसेक किलोमीटर सरकतं. म्हणजे पूर्ण भरतीला जेटीखाली जे कोपेपॉड होते ते ओहोटीला वीस किलोमीटर खाली समुद्राकडे, आणि त्यांच्या जागी वरून खाडीतले, नदीच्या तोंडाजवळचे आलेले. कावी-कंबोईला गेलीच असशील, स्तंभेश्वरचं देऊळ भरतीत आख्खं पाण्याखाली जातं आणि नंतर पुन्हा मोकळं, सगळे फोटो काढतात, पण त्या पाण्याबरोबर काय काय आलं-गेलं याचा विचार कोण करतो. भावनगरकडे तर उधाणाला दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होत असताना एका बाटलीवरून "जुलै" म्हणणं म्हणजे स्टेशनवर एक गाडी बघून शहराची लोकसंख्या सांगणं.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्याच प्रोजेक्टला, मुंबई बंदरात, आम्ही ठरवलं की दर महिन्याची 10 तारीख, सकाळी 8 वाजता, अगदी शिस्तीत. मला फार अभिमान होता त्या शिस्तीचा. वर्षाच्या शेवटी सुंदर ग्राफ आला, सप्टेंबरपासून संख्या चढलेली, पहिल्या सहामाहीत कमी, आणि मी ठोकून दिलं की पावसाळ्यानंतरचा बहर. रिपोर्ट टाइप झाला, बायंडिंगला जायचं बाकी. तेव्हा आमच्या बोटीवरचे तांडेल, शाळा चौथीपर्यंत, त्यांनी सहज विचारलं की मॅडम तुम्ही तारखेने का येता, तिथीने का नाही? मला कळेचना. ते म्हणाले तुमची जानेवारीची खेप पुनवेला होती, सप्टेंबरची भांगात (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीत) होती, मग दोन्ही पाण्याची तुलना कशी करता?

झालं असं की त्या वर्षी जानेवारीत 10 तारीख पौर्णिमेला लागून आली होती. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, आपला कॅलेंडरचा महिना साडेतीस, म्हणजे दर महिन्याला तारीख तिथीच्या जवळजवळ एक दिवस पुढे सरकते. वर्षाला अकरा दिवस, हाच तो हिशेब ज्याच्यामुळे आपल्याकडे अधिक मास घालावा लागतो, आजीला माहीत असतं, एमएस्सीला शिकवत नाहीत. जानेवारीत पौर्णिमा, जुलैत 10 तारखेला वद्य चतुर्थीच्या आसपास, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला वद्य सप्तमी-अष्टमी. म्हणजे माझी पहिली सहामाही बरीचशी उधाणाच्या पाण्यात गेली आणि तो "पावसाळ्यानंतरचा बहर" बराबर भांगावर येऊन बसला. उधाणाला पाणी जोरात, तळाचा गाळ वर, सगळं गढूळ. भांगाला पाणी शांत, गाळ बसलेला, प्राणी जागच्या जागी. मी ऋतू मोजला की चंद्र मोजला, कोणी सांगावं! वर सकाळी 8 वाजता एकदा पाणी चढतं होतं आणि एकदा उतरतं. मुंबई-कोकण किनाऱ्यावर कोळ्यांचा साधा हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणा की पूर्ण भरतीची वेळ, चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे घड्याळ तेच ठेवलं की भरती-ओहोटीची अवस्था बदलते. हा हिशेब खंभातच्या आखातात तसाच चालत नाही बरं का, तिथे भरती आत पोचायला आणखी काही तास लागतात, स्थानिक भरतीचं कोष्टक घे.

तर आधी हे कर. तुझ्या बारा तारखा लिही, शेजारी पंचांगातून तिथी लिही (गुजराती आणि मराठी दोन्ही अमान्त, म्हणजे महिना अमावस्येला संपणारे, त्यामुळे सुद-वदचा घोळ होणार नाही), आणि जाळं टाकलं तेव्हा पाणी चढतं होतं की उतरतं तेही लिही. हे कोष्टक बनवल्याशिवाय एकही ग्राफ काढू नकोस. पुढच्या वर्षी परत करायचं असेल तर तिथीने जा, प्रत्येक महिन्यात अष्टमीच्या सुमाराला एकदा आणि पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी एकदा, कारण उधाण नेमकं पुनवेला नाही, थोडं मागून येतं. तिथीने गेलं की त्या जागी भरतीची वेळही साधारण तीच मिळते, म्हणजे दिवस-रात्रीचा फरकही आपोआप सांभाळला जातो. आणि जमलं तर एकदा तरी सलग चोवीस तास बस, दर दोन-तीन तासांनी जाळं. त्या एका दिवसात आकडा किती वर-खाली होतो ते बघितलंस की महिन्यामहिन्यातल्या फरकाकडे बघायची तुझी नजरच बदलेल. त्यात कोपेपॉडची पिढी पण बघ, पिलाच्या सहा नॉप्लियस अवस्था, मग वाढत्या वयाच्या सहा कोपेपोडाइट, त्यातली सहावी म्हणजे प्रौढ, आणि आपल्या कोमट पाण्यात लहान जातींचं हे सगळं एक-दोन आठवड्यांत उरकतं. दोन खेपांच्या मध्ये दोन पिढ्या येऊन गेलेल्या असतात, तुला पत्ताही नाही.

दुसरी भानगड जाळ्याची. जुलैत "काहीच नाही" ही गोष्ट मला निम्मी-शिम्मी जाळ्याची वाटते. तुझं जाळं 50 सेंटीमीटर तोंडाचं, म्हणजे क्षेत्रफळ 0.196 चौरस मीटर. तू म्हणतेस 200 मीटर पाणी त्यातून गेलं, म्हणजे 39 घनमीटर. बाटली 250 मिलीची केली, त्यातले 5 मिली मोजले, समजा 180 प्राणी निघाले, गुणिले पन्नास म्हणजे 9000, भागिले 39, घनमीटरला 230. ठीक. पण जुलैत खंभातच्या चिखलात 200 मायक्रॉनची जाळी एक-दोन मिनिटांत लिंपली जाते, भिंतीला गिलावा करावा तशी, मग पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून बाजूला वळतं. समजा खरं 13 घनमीटरच गेलं, तर तेच 9000 भागिले 13, म्हणजे 690 च्या वर. तिप्पट फरक, एकही कोपेपॉड न मरता! फ्लोमीटर, म्हणजे किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र, लावला होतास का? तोंडाच्या बरोब्बर मध्यभागी नाही, जरा बाजूला? नसेल लावला तर जुलैचा आकडा "कमी" नाही, तो माहीतच नाही असं प्रामाणिकपणे लिही, परीक्षक खूश होतात, खरंच. चिखलात दहा मिनिटांचं एक ओढण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे बरे, मध्ये जाळं धुवायचं. आणि जेटीवरून असशील तर ओढायची गरजच नाही, डोल जाळ्याचे कोळी करतात तेच कर, प्रवाहात जाळं धरून उभी राहा, पाणीच काम करतं.

जाळीचं भोक पण बघ. 1960 ते 65 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सगळ्यांनी एक ठरावीक जाळं वापरलं, तोंड 1 चौरस मीटर, भोक 330 मायक्रॉन, खुल्या समुद्रासाठी ठीक. बंदरात त्यातून ऑइथोना, युटर्पिना असे छोटे कोपेपॉड, नॉप्लियस सगळे सटकतात, लांबीला अर्धा मिलीमीटर असले तरी जाडी किती असते. 200 चं सुद्धा बरंच सोडतं. आणि पावसाळ्यात समाज नेमका छोट्या आकाराकडे झुकतो, म्हणजे ज्या महिन्यात लहान प्राणी जास्त त्याच महिन्यात आपण ते गाळून फेकतो. 100 मायक्रॉनचं एक जाळं जोडीला ठेव, लवकर बुजेल, पण थोडंसंच घे.

आणि ते 5 मिली काढताना बाटली हलवतेस ना? सेव-उसळीच्या गाडीवर बघ, जो भय्या पातेलं तळापासून न ढवळता वाढतो त्याच्याकडे पहिल्या दहा जणांना नुसती तरी आणि शेवटच्यांना नुसते वाटाणे. फॉर्मालिनमध्ये तसंच, कोपेपॉड तळाला, माशांची अंडी वर, सॅजिटा (बाणासारखा पारदर्शक किडा) कुठेतरी लोंबकळतेय. आठच्या आकड्यासारखी हलव, गोल गोल फिरवू नकोस, गोल फिरवलं की जड सगळं मध्यभागी जमतं. फॉर्मालिन 4-5 टक्के, आणि त्यात टाकणखार घातलाय ना, नाहीतर आम्लामुळे शिंपल्यांच्या पिलांची कवचं विरघळतात आणि सहा महिन्यांनी मोजताना वाटतं की शिंपल्यांचा हंगामच नव्हता. हे पण एक "ऋतुमान"च, बाटलीतलं!

बरं, हे सगळं वजा केलं तरी ऋतूप्रमाणे बदल असतोच, भरपूर असतो, आणि तो मला आयुष्यभर आवडलेला विषय आहे. फक्त आपल्याकडे तो पुस्तकातल्यासारखा नसतो. थंड देशांच्या बंदरांत सगळा खेळ उन्हाचा, हिवाळ्यात उजेड नाही, वसंतात डायटम (एकपेशी शैवाल) फुलले की मागोमाग कोपेपॉड. आपल्याला ऊन बारा महिने, तापमानाचा फरक मोजकाच, आपला खेळ क्षारतेचा आणि गढूळपणाचा. समुद्राची क्षारता हजारी पस्तीसच्या आसपास, पावसात खाडीच्या तोंडाशी ती धाडकन खाली येते, आणि मग मंडळी मरतात त्यापेक्षा बदलतात जास्त. समुद्रातले पॅराकॅलॅनस, टेमोरा हे कोपेपॉड आणि सॅजिटा हे खारं पाणी मागे सरकतं त्याच्याबरोबर बाहेर जातात. त्यांच्या जागी खाडीतले अकार्शिएला, स्यूडोडायप्टोमस असे मचूळ पाण्यातले कोपेपॉड येतात, आणि पूर मोठा असला तर थेट नदी-तलावातले ब्रॅकिओनस (रोटिफर) आणि गोड्या पाण्याचे क्लॅडोसेरा (पाणपिसवा). मही किंवा ढाढरचं पाणी जोरात असताना तुझ्या बाटलीत वढवाणातले जुने ओळखीचे भेटले असतील, नीट बघ, विश्वामित्रीतून मगर येते ती काय एकटी येते का! ते बिचारे मात्र खाऱ्या पाण्यात खरंच मरतात. म्हणजे गंमत अशी की मरणारे बहुतेक वरून वाहत आलेले गोड्या पाण्यातले, आणि आळ येतो समुद्रातल्यांवर.

खाडीतले काही फार हुशार असतात, भरतीला वर येतात, ओहोटीला तळाशी दबून बसतात, म्हणजे वाहून न जाता जागेवर टिकतात. स्यूडोडायप्टोमसच्या अंड्यांच्या पिशव्या बाळगणाऱ्या माद्या तर दिवसा तळालाच असतात, तू दिवसा वरवर जाळं धरलंस तर त्या नाहीतच असं वाटणार. आणि अकार्शिया या कोपेपॉडच्या बऱ्याच जाती अंडी पाण्यात सोडतात, ती गाळात पडून राहतात, काही तर महिनोन्‌महिने, परिस्थिती सुधारली की उबतात. म्हणून जुलैतल्या त्या चिखलाला नावं ठेवू नकोस, त्यात ऑक्टोबर झोपलेला असतो. चमचाभर गाळ गाळून स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवून बघ काय बाहेर येतं ते, डिझर्टेशनला एक स्वतंत्र प्रकरण होईल.

पाऊस ओसरला की नदीने आणलेलं खत पाण्यात तयार असतं, गाळ बसतो, उजेड आत शिरतो, डायटम वाढतात आणि लहान कोपेपॉड भराभर. त्याच सुमाराला किनाऱ्यावर, जेटीच्या खांबांवर चिकटून बसलेली मंडळी पिलं सोडतात, बार्नॅकलचे शिंगं असलेले नॉप्लियस, शिंपल्यांचे व्हेलिजर, खेकड्यांचे झोइया. बंदराच्या पाण्यात ही तात्पुरती प्लँक्टन मंडळी खूप असतात कारण बसायला सिमेंट आणि लोखंड भरपूर, खुल्या समुद्रापेक्षा बंदराचा हा मोठा फरक, त्यामुळे यांना वेगळा रकाना दे, कोपेपॉडमध्ये मिसळून "एकूण झूप्लँक्टन" करू नकोस. खाणारे मागून येतात, सॅजिटा, टेनोफोर (जेलीफिशसारखे दिसणारे), छोटे जेलीफिश. टेनोफोरचा थवा आला की बाटलीत नुसती जेली आणि कोपेपॉड गायब, तेही ऋतूच्या खात्यात मांडू नकोस.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात वरचं पाणी थंड होऊन खाली बुडतं, खालचं पोषक पाणी वर येतं, आणि अलीकडच्या काही दशकांत तिथे हिरवी नॉक्टिल्युका, एक एकपेशी जीव, फार वाढलीय. मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या लाटा दिसतात म्हणून व्हिडिओ फिरतात ना, तीच ही नॉक्टिल्युका. जाळ्यात आली तर साबुदाण्याच्या खिरीसारखं दिसतं, मोजदाद विसरून जा, वेगळं लिही. मार्च ते मे पाणी स्थिर, क्षारता चढलेली, बाहेरच्या समुद्रातल्या जाती बंदरात आतपर्यंत येतात, कोळंबीसारखा ल्युसिफर दिसतो, शेपटीवाली छोटी ऑइकोप्ल्युरा दिसते, साधारणपणे जातींची संख्या तेव्हा चांगली असते, एकूण संख्या मात्र प्रत्येक वेळी जास्त असतेच असं नाही. दक्षिणेकडे कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर तर उलटंच चित्र, ऐन पावसाळ्यात थंड पोषक पाणी वर येतं आणि पेनिलिया, इव्हाडने या समुद्री क्लॅडोसेरांचे थवे, नराशिवाय मादीच माद्यांना जन्म देते त्यामुळे संख्या बघता बघता फुगते. म्हणजे "पावसाळ्यात प्लँक्टन कमी" हा भारताचा नियम नाहीच, तुझ्या जेटीचा असेल तर असेल.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही खरं म्हणजे. आपण सुकट म्हणून खातो तो जवळा, अ‍ॅसिटेस, प्लँक्टनच्या अगदी उंबरठ्यावरचा प्राणी, आणि बोंबील त्याच्यावर जगतो, दांडिया बाजारात सुद्धा कोकणातून कोणी आलं की डबा येतोच. आणि बडोद्याचा तर जुना संबंध. सौराष्ट्राच्या टोकाचं ओखामंडळ गायकवाडांचं होतं, तिथल्या समुद्री जीवांची पाहणी बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून करवून घेतली, 1909 आणि 1916 साली दोन भागांत अहवाल छापला. समुद्रापासून लांब बसून समुद्राचा अभ्यास करायची आपली परंपराच आहे म्हण ना.

तुला एखादी परदेशी जात सापडल्यासारखी वाटतेय असं तू शेवटी लिहिलंयस. सबुरीने. जहाजांच्या बॅलास्टच्या (तोल सांभाळायला भरलेल्या) पाण्यातून येतात हे खरं, म्हणून तर त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, 2004 चा, लागू झाला 2017 च्या सप्टेंबरात, आणि त्यात अट अशी की 50 मायक्रॉन किंवा मोठे जिवंत जीव घनमीटरला दहापेक्षा कमी हवेत. तुझ्या 230 शी तुलना कर म्हणजे अट किती कडक ते कळेल. पण एका बाटलीतल्या एका मादीवरून नवी जात जाहीर करू नकोस, जात ओळखायला पाचव्या पायाचं चित्र काढ, नर शोध, मग बोलू.

राहिला सरांचा प्रश्न, मरतात का. ते तपासता येतं, फॉर्मालिन घालायच्या आधी जिवंत नमुन्यात न्यूट्रल रेड हा रंग थोडा वेळ ठेवायचा, जिवंत असलेले रंग घेतात, मेलेले घेत नाहीत, आणि त्याच दिवशी मोजायचं, रंग टिकत नाही. या जुलैला दोनदा कर, एकदा पूर असताना, एकदा उघडीप असताना. सरांशी वाद घालू नकोस, कोष्टक दाखव.

जुन्या जुलैच्या बाटल्या मात्र टाकू नकोस, त्यात रोझ बेंगॉल हा रंग घातलास की चिखलातले प्राणी गुलाबी होऊन वेगळे दिसतील, मला खात्री आहे "काहीच नाही" मधून पाच-पन्नास तरी निघतील. रविवारी घेऊन ये, माझा मायक्रोस्कोप अजून चालतो. तिथींचं कोष्टक पण आण. आणि बाटल्या गच्चीवर उघडायच्या, मागच्या वेळेला स्वयंपाकघरात उघडलीस तेव्हा काका दोन दिवस डोळे चोळत होते.